कपाटातले किडे आणि त्यांच्या चिठ्ठ्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय किड्यांचा आहे. तरी वाचा, कारण शेवटी आपल्याच गावातल्या एका कपाटापर्यंत यायचंय.

1758 साली स्वीडनच्या लिनिअसने कीटकांची सात गणांत वाटणी केली, मुख्यतः पंख बघून. आज गण तीसच्या आसपास मोजतात. पण खरी गर्दी पाचच घरांत: भुंगेरे, फुलपाखरं-पतंग, मुंग्या-मधमाश्या-गांधीलमाश्या, माश्या-डास आणि ढेकूण-मावा-तुडतुडे. भुंगेरे सगळ्यांत पुढे, नोंदलेल्या प्रजाती साडेतीन लाखांच्या वर.

मग संग्रहालयांत हीच गर्दी तशीच दिसते का? नाही. तिथे आधी दिसते ती गोळा करणाऱ्याची आवड. फुलपाखरू देखणं, पंख पसरून टाचणीवर लावलं की शंभर वर्षं टिकतं. भुंगेरा मुळातच टणक. माशी पेटीत लावून पाहुण्यांसमोर कोण मिरवणार? आणि मावा तर टाचणीवर लागतच नाही, स्पिरिटच्या बाटलीत नाहीतर काचपट्टीवर ठेवावा लागतो. म्हणजे शेतकऱ्याला रोज छळणारा किडा पेटीत सगळ्यात कमी.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1883 साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यात दोघे आपले डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. (सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेच्या पुस्तकात हे कुठे येत नाही.) आठांतला एडवर्ड एटकेन साताऱ्यात जन्मलेला, नोकरी कस्टम्स आणि मिठाच्या खात्यात. त्याने कलेक्टर डेव्हिडसन आणि जंगल खात्यातला बेल यांच्याबरोबर कारवारकडच्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. मोठं काम, वाद नाही. पण बेलचा संग्रह गेला लंडनला. आज कारवारची ती फुलपाखरं बघायची तर व्हिसा काढावा लागतो!

सरकारी ग्रंथमालेतही तेच. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या मालेत पतंगांचा पहिला खंड 1892 चा. माश्यांचा पहिला खंड यायला 1912 उजाडलं, आणि तो लिहिला कलकत्त्यात राहणाऱ्या ब्रुनेटी नावाच्या माणसाने, जो पेशाने संगीतकार होता.

डासांची गोष्ट मात्र वेगळी. 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. लगेच ब्रिटिश वसाहत खात्याने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना डास पकडून लंडनला पाठवायला सांगितलं. 1901 पासून थिओबाल्डचे डासांवरचे खंड यायला लागले. सरकारच्या मनात आलं की कप्पे कसे भरतात ते बघा. पिकांवरच्या किडींचंही असंच. 1905 मध्ये बिहारच्या पुसा इथे शेतीसंशोधन संस्था निघाली, तिथे कीटकसंग्रह सुरू झाला. 1934 च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली, संग्रहही तिथेच गेला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 1914 नंतर कीटकांचा एकही नवा जिवंत गण सापडला नव्हता. सगळे धरून चालले होते की आता काही उरलं नाही. आणि 2002 मध्ये नवा गण जाहीर झाला! कुठे सापडला? जंगलात नाही, संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांत. जर्मनीतला ऑलिव्हर झोम्प्रो आधी बाल्टिक अंबरमध्ये अडकलेल्या एका चमत्कारिक किड्यावर काम करत होता. तसलेच किडे त्याला संग्रहातल्या नमुन्यांत दिसले, कित्येक दशकं ओळख न पटता पडून असलेले. थोडे नाकतोड्यासारखे, थोडे प्रार्थनाकीटकासारखे, बिनपंखी. त्यातल्या एकावरच्या चिठ्ठीवर नामिबिया लिहिलं होतं. त्याच वर्षी मोहीम नामिबियातल्या ब्रांडबर्ग डोंगरावर गेली आणि तिथे तो किडा जिवंत सापडला. चिठ्ठी नसती तर शोधायला कुठे जाणार होते?

आता आपल्या गावचं कपाट. आपल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जुन्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या कीटकांच्या पेट्या आहेत. विभाग नव्या इमारतीत चाललाय आणि या पेट्या "खराब माल" म्हणून भंगारात काढायचं घाटतंय. मी मागच्या आठवड्यात जाऊन बघून आलो. डांबरगोळ्या केव्हाच उडून गेल्यात. काही पेट्यांत नुसता भुगा उरलाय. (तो करणारे किडेही भुंगेऱ्यांच्याच गणातले, घरभेदीच म्हणायचे.) पण निम्म्याहून जास्त पेट्या धड आहेत. बारीक अक्षरात गाव, तारीख, नाव. 1974, 1978. ओढ्याकाठचे चतुर, ज्वारीच्या ताटावरची खोडमाशी, आज जिथे लेआउट पडलेत तिथल्या मुंग्या. खोडमाशी कुणीतरी पोराने मास्तरांच्या धाकाने लावली असेल, पण लावली. तेव्हा आपल्या शिवारात काय उडत होतं याचा लेखी पुरावा तालुक्यात दुसरा कुठे असेल तर मला दाखवा.

प्राचार्यांना माझी विनंती साधी आहे. टाचणीवरून चिठ्ठ्या काढू नका, पेट्या ओतून एकत्र करू नका. भंगारवाल्याच्या आधी पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, त्यांना एक पत्र टाका. त्यांनी नाही घेतलं तर मुंबईच्या सोसायटीला विचारा. पत्राचा मसुदा मी लिहून देतो, गाडीभाड्याची सोय आपण मिळून करू.

त्या वर्षांत तिथे शिकलेलं कुणी हे वाचत असेल तर कमेंटमध्ये कळवा. जुन्या वह्या असतील तर त्याही शोधा. काही चिठ्ठ्यांवर फक्त नंबर आहेत, त्यांची यादी वहीतच असणार.