पाठीवर उजेड

मोबाइलच्या जाहिरातींत ‘बीएसआय’, म्हणजे ‘बॅक-साइड इल्युमिनेटेड’, सेन्सर हे शब्द २०१० च्या आसपास झळकू लागले, आणि ही मोबाइल कंपन्यांची करामत आहे असा समज तेव्हापासून रुजला. तो चुकीचा आहे. चिप पालथी घालून तिच्या पाठीवर उजेड घ्यायचा उद्योग खगोलशास्त्रज्ञांनी त्याआधी तीसेक वर्षं मांडला होता. त्यापायी त्यांनी ज्या खस्ता खाल्ल्या, त्या सांगितल्याशिवाय या सेन्सरची कुळकथा पुरी होत नाही.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना सीसीडी ही उजेड टिपणारी चिप सुचली. त्याबद्दल दोघांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. सीसीडीत सिलिकॉनवर पडलेला उजेड इलेक्ट्रॉन सुटे करतो. ते पिक्सेलच्या खळग्यात साठतात, मग एका खळग्यातून पुढच्यात ढकलत टोकाला नेऊन मोजले जातात. ढकलायला विजेचा दाब देणाऱ्या पॉलिसिलिकॉनच्या पट्ट्या लागतात, आणि त्या चिपच्या दर्शनी बाजूवर पसरलेल्या असतात. उजेडही त्याच बाजूनं येणार. लाल उजेड पट्ट्यांतून बराचसा पार होतो, निळा त्यांच्यातच बऱ्यापैकी मुरतो आणि अतिनील जवळपास सगळाच अडतो.

घरगुती फोटोत हा तोटा खपून जाईल. पण अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेचे मोजके फोटॉन दुर्बिणीपर्यंत येतात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दारातच गमवायचे, हे निरीक्षकाला कसं सोसवेल? पाठीमागून उजेड घ्यायचा हा उपाय त्यामुळे लवकरच पुढे आला. पाठीवर पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, नुसतं उघडं सिलिकॉन.

अडचण जाडीची होती. चिप ज्या चकतीवर घडते, तो वेफर अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो, आणि निळा उजेड सिलिकॉनमध्ये मायक्रॉनचा अंशभरच आत शिरतो. पाठीकडून आलेला फोटॉन तिथल्या तिथे इलेक्ट्रॉन सोडणार, आणि साठवणीचा खळगा शेकडो मायक्रॉन पलीकडे. तेव्हा पाठ झिजवत झिजवत दहा-पंधरा मायक्रॉनवर आणणं भाग होतं. माणसाचा केससुद्धा त्याहून कितीतरी जाड. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक, नायट्रिक आणि अ‍ॅसिटिक आम्लांचं मिश्रण वापरत. त्याची खुबी अशी, की जास्त भेसळ केलेलं सिलिकॉन ते झरझर खातं आणि कमी भेसळीचा थर लागला की मंदावतं. ज्या थरात पिक्सेल घडवलेले, तो नेमका कमी भेसळीचा. रसायनशास्त्रानं आखून दिलेली ही थांबण्याची रेघ मला या सगळ्या कथेत फार देखणी वाटते. उरलेला पडदा मात्र पापडासारखा वाकायचा, आणि कितीतरी चिपा हातातच जायच्या.

पण खरं दुखणं पुढेच होतं. खरवडलेल्या पाठीवर सिलिकॉनच्या अणूंची जोडणी अर्धवट सुटलेली राहते, आणि अशा जागा इलेक्ट्रॉन गिळतात. निळा फोटॉन इलेक्ट्रॉन सोडतो तोही तिथेच, पाठीलगत. एवढा खटाटोप ज्या निळ्यासाठी केला, तोच पुन्हा हातचा जाऊ लागला.

हबल दुर्बिणीच्या पहिल्या मुख्य कॅमेऱ्याला, ‘वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा’ला, हे दुखणं भोवलं. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं घडवलेल्या ८०० × ८०० पिक्सेलच्या आठ सीसीडी होत्या, पातळ केलेल्या, पाठीवर उजेड घेणाऱ्या. चाचणीत दिसलं, की चिप किती उजेड टिपते हे तिनं आधी किती उजेड पाहिला यावर अवलंबून आहे. मोजमापाच्या उपकरणात याहून वाईट खोड नसेल. जेम्स जेनसिक आणि त्यांच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या सहकाऱ्यांनी उतारा काढला: पाठीवर अतिनील प्रकाशाचा मारा करायचा. त्यानं पृष्ठभागावर ऋण भार बसतो, तो इलेक्ट्रॉनना आत, खळग्याकडे रेटतो, आणि चिप ताळ्यावर येते. मग हा मारा अंतराळात कशाचा करणार? सूर्याचाच. थेट सूर्यप्रकाश चिपांवर आणता यावा म्हणून कॅमेऱ्याला एक खास नळी जोडली गेली. अंधुकातलं अंधुक पाहायला निघालेल्या कॅमेऱ्याला सूर्याकडे उघडणारी वाट द्यावी लागली!

१९९३ साली हबलवर दुसरा कॅमेरा चढला, तेव्हा अभियंत्यांनी सरळ माघार घेतली. त्यातल्या चिपा जाड, उजेड पुढूनच घेणाऱ्या होत्या. अतिनीलासाठी वरून एक लेप दिला, जो अतिनील शोषून दृश्य उजेड बाहेर टाकतो. ही माघार मला शहाणपणाची वाटते. कमी दिसलं तरी चालेल, पण मोजलेलं भरवशाचं हवं. दरम्यान प्रयोगशाळांनी पाठीत अतिशय पातळ, भारित थर कायमचा बसवण्याच्या रीती पक्क्या केल्या, प्रतिबिंब रोखणारे लेप सुधारले. २००२ आणि २००९ मध्ये हबलवर गेलेले नवे कॅमेरे पुन्हा पाठीवर उजेड घेऊ लागले, ते आजतागायत.

फोनची गरज वेगळ्या वाटेनं आली. तिथल्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी ट्रान्झिस्टर आणि वर धातूच्या तारांचे थरावर थर. पिक्सेल चार-पाच मायक्रॉनचा होता तोवर तारांच्या मधून पुरेसा उजेड उतरत असे. तो पावणेदोन मायक्रॉनवर आला आणि उजेडाची वाट अरुंद, खोल झाली. त्यातून फोनचं भिंग सेन्सरला अगदी चिकटून, त्यामुळे कडेचे किरण तिरपे येतात आणि तारांवरच आपटतात. २००८ च्या मे महिन्यात ओम्नीव्हिजननं आणि जूनमध्ये सोनीनं पाठीवर उजेड घेणारे सीमॉस सेन्सर जाहीर केले. पुढच्याच वर्षी सोनीच्या हँडीकॅममध्ये ते बाजारात आले, २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये. या कंपन्यांचं मोठेपण मी उत्पादनात मानतो. वेधशाळांसाठी चिपा थोडक्याच आणि महागड्या निघत. इथे अख्खा वेफर पालथा करून दुसऱ्या वेफरवर चिकटवायचा, घासून काही मायक्रॉनवर आणायचा आणि पाठीवर रंगगाळण्या व सूक्ष्मभिंगं बसवायची, तेही लाखोंच्या संख्येनं, ही साधी गोष्ट नव्हे. मोठ्या पिक्सेलना मुळात फायदा कमी, म्हणून मोठ्या कॅमेऱ्यांत हे तंत्र उशिरा पोचलं: सॅमसंगचा एनएक्स१ २०१४ मध्ये, फुल-फ्रेममध्ये सोनीचा ए७आर २ २०१५ मध्ये.

आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातल्या गिरावलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावरच्या ‘आयफॉस्क’ उपकरणात अशीच पातळ केलेली सीसीडी बसवलेली आहे. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानावरून गेलेली, पुण्यात आयुकाच्या पुढाकारानं साकारलेली ‘सूट’ दुर्बीण सूर्याचं छायाचित्र २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात घेते. तिच्यातली ४०९६ × ४०९६ पिक्सेलची सीसीडीही पाठीवर उजेड घेणारी आहे. इथे उजेडाची टंचाई नाही. उलट सूर्याचा बहुतेक उजेड गाळून बाहेरच ठेवावा लागतो. पण हव्या त्या अतिनीलाला सीसीडीच्या पुढच्या बाजूनं आत वाटच नाही. त्याला पाठीकडूनच घ्यावं लागतं.