घाटावरचं पोवळं आणि टाकीतला झोआ

आजचा एपिसोड प्रवाळाचा, आणि तोही आळेफाट्यावरून. समुद्र इथून शंभराहून जास्त किलोमीटर, मध्ये सह्याद्री आडवा. मग प्रवाळाचा इथे काय संबंध?

संबंध जुना आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारतात येणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे, भूमध्य समुद्रातलं. म्हणजे आपल्याकडे प्रवाळ यायचं ते मेलेलं, मण्याच्या रूपात. जिवंत प्रवाळ घरात ठेवायचं खूळ फार नवं.

1846 साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणलं. प्रवासात हलू नये म्हणून चक्क सुईदोऱ्याने स्पंजवर शिवून! पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. इतिहासात नाव बाईंचं राहिलं. माझ्या मते पहिला एअर पंप ती मोलकरीणच.

आता झोअँथिड, लाडाने ‘झोआ’. बटणाएवढी तोंडं, भोवती झालर, भन्नाट रंग. दगडी सांगाडा नसतो, आणि नवशिक्याच्या हातूनही जगतो. मुंबईत ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवरही दिसतो. (तिथून उचलून आणू नका. दगडी प्रवाळ तर 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.)

पण या देखण्या जिवाची दुसरी बाजू हवाईत कळली. माउई बेटावर हाना भागात एका डबक्यातलं ‘जीवघेणं शेवाळ’ भाल्याच्या टोकाला लावायचे, अशी आख्यायिका होती. जागा निषिद्ध. 31 डिसेंबर 1961 ला संशोधकांनी तिथून नमुना घेतला, आणि त्याच दिवशी त्यांच्या संस्थेच्या प्रयोगशाळेला आग लागली! योगायोगच, पण गोष्ट रंगली. शेवाळ निघालं झोअँथिडचा भाऊबंद, पॅलिथोआ. त्यातलं विष, पॅलिटॉक्सिन, 1971 मध्ये जगासमोर आलं. त्याची रचना उलगडायला आणखी दहा वर्षं गेली.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण अमेरिकेत, युरोपात लोकांनी टाकीतला दगड स्वच्छ करायला त्यावर उकळतं पाणी ओतलं, वाफ छातीत गेली आणि घरची माणसं दवाखान्यात पोहोचली. सगळे झोआ विषारी नसतात, पण रंगावरून ते ओळखता येत नाही. म्हणून हातमोजे, चष्मा, आणि दगड उकळायचा नाही, ब्रशने कोरडा घासायचाही नाही. हाताला जखम असेल तर टाकीत हातच घालू नका.

बाकी आळेफाट्याला समुद्र बादलीतच बनवावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. तापमान 25-26 अंश. उन्हाळ्यात पंखा पाण्यावर रोखा, आणि पाणी आटेल तेवढं साधं आरओचंच टाका, मीठ नाही. मीठ उडून जात नाही ना! आणि लाइट गेली, बॅटरीवरचा पंप नसला, तर मग घ्या तांब्या आणि ओता पाणी वरून खाली.