खोटी सुई

बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीचीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात, तीं हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. महिनोन्‌महिने वाकून ऊस तोडावयाचा आणि मोळ्या डोक्यावर वाहून गाडींत चढवावयाच्या, हें काम कंबरेस किती बाधतें हें सांगावयास वैद्य लागत नाहीं. अशाच परत आलेल्या एका बाईस, तालुक्याच्या गांवीं भरलेल्या सुया टोचण्याच्या शिबिरांतून बाहेर पडतांना, आम्हीं "कसं वाटतं?" म्हणून विचारलें. ती म्हणाली, "हलकं वाटतंय बघा. पर सुईनं का घडीभर पडून राह्यल्यानं, देवाला ठाऊक." पंडितांस दोन शतकांहून अधिक काळ छळणारा प्रश्न त्या बाईनें एका वाक्यांत मांडला होता.

ही सुई, म्हणजे ॲक्युपंक्चर, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या नांवाशीं जोडण्याची पुष्कळांस संवय आहे. परंतु १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच हिंदी डॉक्टरांपैकीं कोटणीस हे शस्त्रवैद्य होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्याच पथकांतील कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसु हे पुढें पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनीं ती हिंदुस्थानांत आणली. महाराष्ट्रांत तिच्यासाठीं २०१५ चा स्वतंत्र अधिनियम झाला. पण सुई कोणीं टोचावी हें कायदा ठरवूं शकतो. सुईनें गुण येतो कीं नाहीं हें ठरविण्यास परीक्षाच हवी.

त्या परीक्षेचा इतिहास मनोरंजक आहे. इ. स. १७८४ मध्यें पॅरिस येथें मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी करण्यास राजानें मंडळ नेमलें. त्यांत फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेंतील एका झाडास चुंबकत्व दिलें गेलें, व डोळे बांधलेल्या एका मुलास तेथें आणलें. मुलगा मूर्च्छित पडला खरा, पण भलत्याच झाडापाशीं! पुढें अमेरिकेंतील पर्किन्स नामक वैद्यानें वेदना ओढून घेणाऱ्या धातूच्या दोन कांड्यांचें १७९६ सालीं पेटंट घेतलें. १७९९ मध्यें इंग्लंडांतील बाथ येथें डॉ. हेगार्थनें त्याच रंगरूपाच्या लांकडी कांड्या करून पांच रोग्यांवर फिरविल्या. चौघांस आराम वाटला. दुसऱ्या दिवशीं खऱ्या कांड्यांनींहि तसाच गुण आला. आशेची शक्ति औषधाच्या शक्तीपासून वेगळी काढण्याची रीत तेव्हांपासून रूढ होऊं लागली.

औषधाच्या गोळीचें सोंग करणें सोपें आहे. पिठाची गोळी त्याच रंगाची केली कीं झालें. सुईचें सोंग मात्र कठीण. टोचलें कीं नाहीं हें रोग्यास कळतें, आणि टोचणाऱ्यास तर कळतेंच. म्हणून संशोधकांनीं निरनिराळे मार्ग काढले. पहिला मार्ग म्हणजे खरीच सुई, पण शास्त्रोक्त बिंदु सोडून व अगदीं वरवर टोचावयाची. यांत रोगी फसतो. पण कातडीस टोचलेली सुई 'कांहींच नाहीं' असें कसें म्हणावें? दुसरा मार्ग १९९८ सालीं जर्मनींतील स्ट्राइटबर्गर यांनीं दाखविला. त्यांच्या सुईचें टोंक बोथट असे व दाबतांच ती आपल्या मुठींत शिरे, त्यामुळें ती अंगांत गेल्याचा भास होई. ६० जणांपैकीं खऱ्या सुईनें ५४ जणांस टोचल्यासारखें वाटलें, तर खोटीनें ४७ जणांस. तिसरा मार्ग अमेरिकेंतील ६३८ कंबरदुखीच्या रोग्यांवर योजिला गेला व त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. पाठीवर नळी टेकवून तींतून दांत कोरण्याची काडी नुसती टेकवावयाची. रोगी पालथा असल्यानें त्यास कांहीं दिसत नाहीं. परंतु या तिन्ही मार्गांत टोचणारा डोळसच राहतो, आणि त्याच्या स्वरांतून रोग्यास सुगावा लागण्याचें भय असतें. हें जाणून जपानांतील ताकाकुरा व याजिमा यांनीं २००७ च्या सुमारास बंद नळींतील अशी सुई केली कीं, आपल्या हातीं खरी आहे कीं खोटी हें टोचणाऱ्यासहि कळूं नये.

एवढ्या खटाटोपाचें फळ काय? जर्मनींतील १,१६२ कंबरदुखीच्या रोग्यांवरील परीक्षेचा निकाल २००७ सालीं बाहेर आला. सहा महिन्यांनीं खऱ्या सुईनें ४७.६ टक्के, भलत्या जागीं वरवर टोचलेल्या सुईनें ४४.२ टक्के, आणि रूढ उपचारांनीं केवळ २७.४ टक्के रोग्यांस गुण आला. एक पक्ष म्हणाला, सुईचा विजय झाला. दुसरा म्हणाला, सुईचें ढोंग उघडें पडलें. आमच्या मतें दोघेहि घाई करतात. वरवरची सुई ही लांकडी कांडीसारखी निरुपद्रवी नव्हे, म्हणून दुसऱ्याचें म्हणणें पुरतें सिद्ध होत नाहीं. काडी टेकविलेल्या अमेरिकन रोग्यांसहि तितकाच आराम पडला, म्हणून पहिल्याचेंहि नाहीं. पुढें २०१८ सालीं ३९ परीक्षांतील २०,८२७ रोग्यांचे आंकडे एकत्र केले गेले. त्यांत खरी सुई खोटीहून सरस ठरली, परंतु थोडक्यानेंच; मोठा फरक दिसला तो सुई घेणारे व न घेणारे यांच्यांत.

म्हणजे प्रत्येक खोटी सुई वेगळा प्रश्न विचारते. बिंदूंस महत्त्व आहे काय, हें पहिली विचारते. टोचण्यास महत्त्व आहे काय, हें दुसरी व तिसरी. टोचणाऱ्याच्या श्रद्धेस महत्त्व आहे काय, हें चौथी. कोणती खोटी सुई वापरली हें न सांगतां 'सिद्ध झालें' म्हणणारा वाचकास आंधळा ठेवतो, आणि परीक्षेच्या शेवटीं 'तुम्हांस कोणती मिळाली असें वाटतें?' हें रोग्यास न विचारणारा स्वतःच आंधळा राहतो.

त्या बाईची कंबर हलकी झाली हें खोटें नव्हे. आराम आशेनें आला तरी आराम तो आरामच. पण शिबिरास येण्यासाठीं तिनें रोजगार बुडविला होता. कष्टाच्या पैशानें ती विकत काय घेते, सुई, विसांवा कीं कोणीतरी आस्थेनें केलेली विचारपूस, हें जाणण्याचा तिला हक्क आहे. विसांव्यानेंच गुण येत असेल, तर तो सुईवांचूनहि तिला मिळाला पाहिजे.