ताई ची : संथ कुंग फू लढायला उपयोगी पडतं का?

कुंग फू म्हटलं की आपल्याला ब्रूस ली आठवतो. चिनी भाषेत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. बराच काळ कष्ट करून अंगी आलेलं कसब म्हणजे कुंग फू. चांगल्या आचाऱ्याच्या हातातही ते असतं. लढण्याच्या विद्येला तिथे वूशू असा वेगळा शब्द आहे.

या विद्येच्या शेकडो शैली आहेत. त्यातली जगभर सगळ्यात जास्त केली जाणारी म्हणजे ताई ची. बागेत पहाटे म्हातारी माणसं पाण्यात चालल्यासारखे हात फिरवतात, तीच. ही लढण्याची विद्या आहे हे सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही.

तिचं मूळ चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या खेड्यात सापडतं. चेन आडनावाच्या घराण्याचं हे गाव. 17व्या शतकातले चेन वांगटिंग हे तिचे जनक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधी, 16व्या शतकात, मिंग राजवटीचे सेनापती छी जीग्वांग यांनी सैनिकांसाठी नि:शस्त्र लढतीचे 32 पवित्रे लिहून ठेवले होते. त्यातले बरेच चेन घराण्याच्या संचात दिसतात. सेनापतींचं मतही ऐकण्यासारखं आहे. मोठ्या लढाईत हाताच्या विद्येचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय तयार करायला नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी, असं ते म्हणत.

19व्या शतकात यांग लूचान या गावात शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले. त्यांचे नातू यांग चेंगफू यांच्या हाताखाली उड्या आणि झटके गेले, चाल संथ आणि एकसारखी झाली. 1956 मध्ये चीन सरकारच्या क्रीडा विभागानं त्यातून 24 हालचालींचा छोटा संच बसवला. पाच-सहा मिनिटांत होणारा, कुणालाही जमणारा. प्रसार झाला तो यामुळे, आणि लढतीचा भाग मागे पडला तोही यामुळेच.

त्याची किंमत एप्रिल 2017 मध्ये चेंगदू शहरात दिसली. मिश्र मार्शल आर्ट्सचे खेळाडू श्यू श्याओदोंग यांनी ताई चीचे गुरू म्हणवणाऱ्या वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. व्हिडिओ देशभर फिरला, वाद पेटला. यात हरली ती विद्या की शिकण्याची पद्धत? आमच्या मते पद्धत. आपल्याकडच्या तालमीत कुणालाही विचारा, नुसत्या जोर-बैठका मारून कोणी पैलवान झालाय का? जोड लागते, आणि समोरचा खरोखर जोर लावणारा लागतो.

जुन्या पद्धतीत हे सगळं होतं. सुरुवात उभं राहण्यानं. गुडघे किंचित वाकवून, झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून पाच मिनिटं स्थिर उभं राहायचं, मग वेळ वाढवत न्यायची. ऐकायला सोपं, पण दुसऱ्याच मिनिटाला मांड्या थरथरतात. नंतर संच. चेन शैलीत पहिला संच बराचसा संथ आहे, दुसऱ्याला तोफेची मूठ म्हणतात आणि त्यात उड्या, ठोसे, जमिनीवर पाय आपटणं सगळं येतं. त्यानंतर तुई शौ. दोघांनी मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल काढायचा. समोरच्याचा जोर कुठून येतोय ते कातडीला कळायला लागतं ते इथे. ताकदीला ताकद न भिडवता बाजूला वळवायची, हे वाचून येत नाही, शंभरदा पडल्यावर येतं. शेवटी मोकळी लढत. तुई शौ आणि लढत गाळली तर उरतो तो चांगला व्यायाम.

आणि त्या व्यायामाला कमी लेखायचं कारण नाही. ताई ची करणाऱ्या वृद्धांचं पडण्याचं प्रमाण कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांचा तोल सहा महिन्यांत सुधारला होता. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश न्यायचं, हीच त्यातली मुख्य गोष्ट, आणि लढणाऱ्यालाही नेमकं तेच लागतं. म्हणून तरुणांनीही संथ भाग टाळू नये.

शिक्षक निवडताना त्याचं प्रमाणपत्र बघण्यापेक्षा एक वर्ग बघा. जोडीचा सराव होतो का? विद्यार्थी खरा विरोध करतात, की गुरूनं हात लावताच आपणच मागे उडी मारतात? न शिवता माणूस पाडून दाखवणारा भेटला तर सरळ घरी या.

दुखणं येतं ते बहुधा गुडघ्यात. वळताना गुडघा पिळू नये, तो पावलाच्याच दिशेत राहावा, बोटांच्या पुढे जाऊ नये. खाली किती बसायचं ते मांडीच्या ताकदीवर ठरवावं, शेजारच्याकडे बघून नव्हे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांनी पहिले काही महिने उंच पवित्र्यातच करावं.