जाहिरातीचे अश्रू

आमच्या घरातला जाहिरातींचा इतिहास म्हणजे आईचं भांडण आणि माझं रडणं.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ साली. परभणीतल्या आमच्या गल्लीत टीव्ही आला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही एकच! स्वस्त निरमाला तोंड द्यायला सर्फनं ललिताजी उभी केली, तेव्हा सगळी गल्ली सतरंजीवर बसून तिचा उपदेश ऐकायची. ‘हिला काय जातंय सांगायला!’ म्हणत आई निरमाच आणायची. भाजीवालीशी घासाघीस करताना मात्र तोरा अगदी ललिताजीचा!

आता मोबाइलवरची जाहिरात मी पाच सेकंदांत उडवतो. पण फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांची ती २०१३ची साडेतीन मिनिटांची फिल्म? ती मी आपणहून दोनदा पाहिली आणि डोळे पुसले.

‘‘अहो, पण ते विकत काय होते?’’ सौ.नं विचारलं.

मला काही केल्या आठवेना. शेवटी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, गूगलची होती ती!’’

आई भांडली, पण माल तिच्या पक्का ध्यानात होता. मी रडलो आणि माल विसरलो. शिवाय तिच्या भांडणात अख्खी गल्ली सामील होती. माझं रडणं मात्र कानात इअरफोन घालून मला एकट्यालाच उरकावं लागलं.