नजरबादचे दगड आणि कर्नलची माघार

मी मैसूरच्या नजरबादमधून बोलतोय. या नावाशी एका फिरवलेल्या निर्णयाची आठवण जोडलेली आहे. टिपू सुलतानाने मैसूरचा जुना किल्ला पाडला आणि त्याचे दगड जवळच्या उंचवट्यावर नेऊन नजरबादचा किल्ला बांधायला घेतला. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. पुढे वाडियारांची गादी पुन्हा स्थापन झाली आणि तेच दगड आल्या वाटेने मैसूरला परत गेले.

आजची माघार मात्र संगणकातली आहे. लिनक्सच्या गाभ्यालाही 'कर्नल'च म्हणतात, त्यामुळे आम्हा फौजी मंडळींना त्याचं कुतूहल जरा जास्तच!

सप्टेंबर २००८. कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीत होती. तेवढ्यात इंटेलची ठरावीक नेटवर्क चिप असलेली काही यंत्रं दगा देऊ लागली. चिपची ओळख आणि मांडणी ज्या कायमच्या मेमरीत असते, तीच खराब व्हायची. यंत्र बंद करून चालू करा, जुनं लिनक्स टाका, कार्ड मेलेलं ते मेलेलंच. सॉफ्टवेअरच्या चुकीने हार्डवेअर निकामी होत होतं. साहजिकच संशय ई-१०००-ई या ड्रायव्हरवर गेला. उबुंटूच्या चाचणी-आवृत्तीत तो बंद ठेवावा लागला. इंटेलच्या इंजिनिअरांनी त्या मेमरीला कुलूप लावणारी दुरुस्तीही दिली.

पण गुन्हेगार दुसराच निघाला. कर्नलमध्ये एफट्रेस नावाची नवी सोय आली होती. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक चौकी. काम नसतानाही प्रत्येक चौकीवर थांबायचं, तर वेग जातो. म्हणून युक्ती काढली: चौक्यांचे पत्ते टिपून ठेवायचे आणि चालत्या यंत्रातच त्या जागी 'काही करू नका' असा हुकूम लिहायचा.

गफलत इथे झाली. सुरुवातीपुरता लागणारा कोड काम झाल्यावर मेमरीतून काढून टाकतात, पण त्याचे पत्ते यादीत तसेच राहिले. पुढे तोच पत्ता नेटवर्क चिपच्या मेमरीला मिळाला. एफट्रेस आधी तपासायचं, 'जुनी चौकी आहे ना? असेल तरच बदल.' कागदावर हे बिनधोक होतं. मात्र ही तपासणी करणारी प्रोसेसरची आज्ञा जुळणी झाली नाही तरी जुनंच मूल्य परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. चिपच्या मेमरीत ते लिहिणंच घातक ठरलं.

९ ऑक्टोबरला २.६.२७ जाहीर झालं आणि काही दिवसांतच २.६.२७.१ आलं. त्यात वेगाची ही युक्ती बंद केलेली होती. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रॉस्टेट. २.६.२८ मध्ये ती युक्ती सुधारून परत आली. आता चौक्यांची यादी कोड बांधतानाच तयार होऊ लागली.

फौजेत आम्हाला शिकवतात, जुन्या नकाशावर गस्त घालू नका. काल जिथे रिकामी चौकी होती, तिथे आज कुणाचं तरी घर असेल. आणि चूक कळल्यावर मागे हटण्यात कमीपणा नसतो. फौज शाबूत राहिली, तर तीच टेकडी नव्या तयारीने पुन्हा घेता येते.