काठीने मोजलेलं मंदिर

इ.स.पू. ५७३. यरुशलेम पडून चौदावं वर्ष लागलेलं, शलमोनाच्या मंदिराची कधीच राख झालेली. याजकाच्या घराण्यातला यहेज्केल बाबेलात बंदिवासाची पंचविशी गाठत होता; याजक, पण सेवेला मंदिरच उरलं नव्हतं. त्याला दृष्टान्त झाला: उंच डोंगर आणि वेशीत उभा एक पितळेसारखा दिसणारा पुरुष, हातात दोरी आणि मोजणीची काठी.

काठी सहा हातांची, पण हात नेहमीपेक्षा चार बोटं मोठा. म्हणजे काठी सुमारे तीन मीटर. मोजणी गाभाऱ्यापासून नव्हे, बाहेरच्या भिंतीपासून सुरू होते. भिंत एक काठी जाड, एक काठी उंच. दरवाजे पूर्वेला, उत्तरेला आणि दक्षिणेला. पश्चिमेला एकही नाही. प्रत्येक दरवाजा ५० हात लांब, २५ हात रुंद, आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या तीन-तीन देवड्या. सहा देवड्यांच्या अशा वेशी मगिद्दो, हासोर आणि गेजेर इथल्या उत्खननांत सापडल्या आहेत, पण त्या शहरांच्या. यहेज्केलाने नगराची वेस देवाच्या घराला बसवली.

एवढा बंदोबस्त कशासाठी? उत्तर यहेज्केलाच्या ग्रंथातच आहे. राजांनी आपला उंबरठा देवाच्या उंबरठ्याला भिडवला होता, मध्ये फक्त एक भिंत. नव्या आराखड्यात राजवाड्याला तिथे जागाच नाही. पवित्र आणि सामान्य यांत अंतर राखणं हेच भिंतीचं काम, असं यहेज्केल स्पष्ट सांगतो. सात पायऱ्या चढून बाहेरचं अंगण, आणखी आठ चढून आतलं, मग मंदिर आणि शेवटी २० हात चौरस परमपवित्रस्थान. परमेश्वर ज्यातून आत आला तो पूर्व दरवाजा कायमचा बंद. सणाला उत्तरेने आलेल्याने दक्षिणेने बाहेर पडायचं, दक्षिणेने आलेल्याने उत्तरेने. अधिपतीनेही लोकांबरोबरच यायचं-जायचं. माझ्या मते या वास्तूचा खरा कणा हीच शिस्त आहे, कारण सत्तेला आवर घालण्याचं काम इथे थेट दगडावर सोपवलं आहे.

गंमत अशी की लांबी-रुंदी इतकी काटेकोर असूनही उंची क्वचितच दिली आहे. जमिनीचा नकाशा हाती येतो, उभा छेद येत नाही. कराराच्या कोशाचाही उल्लेख नाही.

परतलेल्या यहुद्यांनी इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर पुरं केलं, पण या मापांनी नव्हे. ग्रंथापुढेही अडचण होती: त्यातले यज्ञविधी मोशेच्या नियमशास्त्राशी जुळत नव्हते. तालमूद सांगतो की हनन्या बेन हिज्कियाने माडीवर बसून, दिव्यांसाठी ३०० घागरी तेल जाळत हा मेळ घातला. नाहीतर ग्रंथ बाजूलाच पडला असता. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या येशूसंघी व्हियालपांदोने हेच शलमोनाचं मंदिर मानून भव्य आराखडे काढले, त्यांवर त्याच्या काळच्या युरोपीय प्रासादांची छाप पडली. न्यूटननेही शलमोनाच्या मंदिराचा आराखडा मांडताना यहेज्केलाची मापं आधाराला घेतली. तो आराखडा त्याच्या मृत्यूनंतर, १७२८ मध्ये छापला गेला.